खिशातील कॅमेरा

वीटभट्टीवरील उचल, वनजमिनीचे दावे, मजुरीचे दर आणि थकलेला रोज यांवर बोलण्यासाठी लोक आम्हांला बोलावतात. यंदा व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्या नावापुढे ‘मोबाईलमधील छायाचित्रण’ असा विषय घातला, तेव्हा संघटनेच्या कचेरीत बसलेली मंडळी हसली. हसण्यासारखेच होते. ज्याची शाळा सातवीत सुटली, ज्याने पुढचे वाचन रद्दीच्या दुकानात आणि वाचनालयाच्या बाकावर केले आणि ज्याच्या हाती चाळिशीपर्यंत कॅमेरा आला नाही, त्याने कलेवर काय बोलावे? परंतु विचार करू लागलो तेव्हा वाटले की, हा विषय आम्हांला परका नाही. ज्यांच्यात आम्ही काम करतो त्या माणसांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे काम दीडशे वर्षे केले. कॅमेऱ्यामागे उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर आता आली आहे. ती कशी आली, हे यंत्र काम कसे करते आणि त्याच्याकडून चांगले काम कसे करून घ्यावे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातील, गुजरातच्या सीमेजवळचे बाजाराचे गाव. भोवतालच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी अशी वस्ती. आषाढात पाऊस असा की समोरचा डोंगर दिसत नाही, आणि वैशाखात हंडाभर पाण्यासाठी तोच डोंगर उतरावा लागतो. भात, नागली, वरई घरात आली की माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी द्राक्षबागेत, कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर. शहरातल्या कित्येक भिंती त्यांच्या हातच्या आहेत. मुकादमाचा निरोप यावा, घरची खबर कळावी, म्हणून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी फोन घेतला. त्या फोनबरोबर एक कॅमेरा फुकट आला. तो फुकट आला म्हणूनच त्याची किंमत कोणी नीट केली नाही, आणि यात पहिले चुकलो ते आम्हीच.

ती चूक आधी सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी संघटनेच्या एका पत्रकासाठी आम्ही मोळी वाहणाऱ्या एका बाईचे छायाचित्र काढले. सकाळचे ऊन मोळीवर झकास पडले होते. बाईंचा चेहरा पदराच्या सावलीत काळा येत होता, म्हणून आम्ही तो चौकटीबाहेर ठेवला. मोळी, मान आणि वाकलेली पाठ. आम्हांला ते फार अर्थपूर्ण वाटले. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या बाई कचेरीत आल्या. पत्रक हाती घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, “भाऊ, मोळी तर माझीच हाय. पण मी कुठं हाय यात?” आम्हांला उत्तर सुचले नाही. ज्या ठेकेदाराला बाईचे फक्त ओझे दिसते, त्याच्याविरुद्ध आम्ही पत्रक काढले होते; आणि त्या पत्रकावर आम्हीही ओझेच छापले होते.

कॅमेरा कोणाच्या हाती?

छायाचित्रणाची दागेरची रीत फ्रान्समध्ये १८३९ साली जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळात होते. म्हणजे मराठी माणसाने हे यंत्र फार लवकर हाती घेतले. पण कोणत्या मराठी माणसाने? ज्याच्याजवळ पैसा, इंग्रजी आणि रसायने होती त्याने. उरलेल्यांनी समोर बसावयाचे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत चारशेहून अधिक चित्रे आहेत. पण ती बहुतेक नमुन्याची चित्रे आहेत. संग्रहालयात दगड मांडावेत तशी त्यांत माणसे मांडली आहेत. या जमातीचा मनुष्य असा दिसतो, एवढे सांगून चित्र थांबते. तो मनुष्य कोण, हे सांगत नाही.

पुढे यंत्र स्वस्त होत गेले. अमेरिकेत ईस्टमनने १८८८ साली शंभर चित्रांची गुंडाळी भरलेला कॅमेरा विकावयास काढला, आणि १९०० साली एक डॉलरचा ‘ब्राउनी’ काढला. आपल्याकडे मात्र कॅमेरा ही लग्नकार्याची आणि स्टुडिओची वस्तू राहिली. आमच्या लहानपणी पाड्यावरच्या माणसाचे छायाचित्र आयुष्यात दोनदा-तीनदा निघत असे आणि तेही कोणत्या तरी सरकारी कागदावर चिकटविण्यासाठी.

१९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चित्र घेणारा कॅमेरा जुळविला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते, चित्रात अवघे दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास तेवीस सेकंद लागत. १९९० नंतरच्या दशकात एरिक फॉसम व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या अवकाशसंस्थेच्या प्रयोगशाळेत, थोड्या विजेवर चालणारी आणि चिमुकली अशी प्रकाश टिपणारी चकती तयार केली. यानात वजन कमी असावे म्हणून जे केले, ते पुढे खिशात मावावे म्हणून उपयोगी पडले. १९९९ साली जपानात कॅमेरा असलेला फोन बाजारात आला. आज हरसूलच्या बाजारात शेळी विकायला आलेल्या माणसाच्या खिशात जो कॅमेरा असतो, तो सॅसनच्या कॅमेऱ्याच्या हजारो पट बारीक टिपतो.

यंत्र काम कसे करते?

भिंगामागे नखाएवढी किंवा त्याहून लहान चकती असते. जुन्या फिल्मची एक चौकट छत्तीस मिलिमीटर लांब आणि चोवीस मिलिमीटर रुंद असे. साध्या फोनातील चकती दहा मिलिमीटरही लांब नसते. तिच्यावर प्रकाश झेलणारी लक्षावधी घरे असतात. पावसात अंगणात वाट्या मांडाव्यात, तशी ही घरे समजा. ज्या वाटीत जेवढे पाणी साठेल, तेवढा त्या ठिकाणी उजेड. प्रत्येक वाटीवर लाल, हिरवे किंवा निळे झाकण असते. निम्मी झाकणे हिरवी आणि उरलेली निम्मी लाल, निम्मी निळी. तीन रंगांच्या या मोजमापावरून फोनमधील गणकयंत्र उरलेले रंग हिशेबाने भरून काढते.

वाट्या लहान, म्हणजे पाणी थोडे. फोनची खरी अडचण ही आहे. उजेड कमी झाला की चित्रात वाळू पेरल्यासारखी खरखर येते. त्यावर फोन एक युक्ती करतो. आपण कळ एकदा दाबतो, पण तो पुष्कळ चित्रे झटपट घेऊन त्यांची बेरीज करतो. सावलीतले एकातून घेतो, उन्हातले दुसऱ्यातून घेतो. म्हणून फोनचे चित्र हे निम्मे भिंगाचे आणि निम्मे हिशेबाचे असते, हे ध्यानात ठेवावे. आणि म्हणूनच दुकानदार सांगतो त्या ‘मेगापिक्सेल’च्या आकड्याला फार भुलू नये. पन्नास मेगापिक्सेलचा फोन बहुधा चार-चार घरे एकत्र करून बाराचेच चित्र देतो. पैसे थोडे असतील तर त्या आकड्यासाठी कर्ज काढू नये. आहे तो फोन चालेल.

त्याच्याकडून काम करून घेण्याच्या चार गोष्टी आम्ही मेळाव्यात सांगतो. पहिली, भिंग पुसा. फोन घामेजल्या खिशात, पिठाच्या हातात, सिमेंटच्या धुळीत वावरतो. आम्ही पाहिलेल्या धुरकट चित्रांपैकी बहुतेकांना औषध म्हणून एक स्वच्छ सुती चिंधी पुरली असती. दुसरी, दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करू नका. साध्या फोनात त्याने काही जवळ येत नाही. चित्राची कड कापली जाते आणि उरलेले फुगवले जाते. पाय आहेत, चार पावले पुढे जा. तिसरी, जे महत्त्वाचे आहे त्यावर बोट टेकवा. बोट टेकले की फोन तिथला उजेड मोजतो, आणि बहुतेक फोनांत बोट वर-खाली सरकवून उजेड कमीजास्त करता येतो. आमच्या त्या मोळीच्या चित्रात बाईंच्या चेहऱ्यावर बोट टेकविले असते, तर चेहरा आला असता. पण ते आम्हांला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घ्यावे असेही वाटले नव्हते. चौथी, हात स्थिर ठेवा. कोपरे छातीशी धरा, मेढीला टेका, कळ हळू दाबा.

उजेड

छायाचित्र हे वस्तूचे निघत नाही, वस्तूवर पडलेल्या उजेडाचे निघते. हे एकदा पटले की निम्मे शिकणे झाले. वैशाखातील दुपारचे ऊन डोक्यावरून पडते. डोळ्यांच्या खाचा काळ्या होतात आणि कपाळ पांढरे होते. त्या वेळी माणसाला दारात बोलवावे. कुडाच्या घराच्या दारातून आत येणारा उजेड इतका मऊ असतो की, शहरातील स्टुडिओवाले तसा उजेड निर्माण करण्यासाठी पांढरी छत्री लावतात. सकाळी सूर्य वर आल्यापासून तासभर आणि संध्याकाळी मावळण्यापूर्वी तासभर ऊन तिरपे असते. तेव्हा नांगराची तास, भिंतीवरील सारवणाची बोटे, हातावरचे घट्टे, सारे उठून दिसते. पावसाळी ढगाखाली सावल्याच पडत नाहीत. म्हणून आवणीच्या वेळी हिरवा रंग आणि इरल्याखालचे चेहरे दोन्ही सारखे येतात. फोनचा झगझगीत दिवा मात्र शक्यतो लावू नये. तो चार-सहा हातांपलीकडे पोचत नाही, आणि पोचतो तिथे चेहरा भिंतीसारखा सपाट करतो.

आमच्या भागात होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगे नाचतात, संबळ वाजते, टेंभे पेटतात. पुष्कळ पाहुणे तिथे दिवा लावून चित्रे काढतात, आणि टेंभ्याच्या उजेडासाठी घडविलेला मुखवटा त्यांच्या चित्रात रंगविलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो. तिथे दिवा बंद करावा, टेंभ्याच्या जवळच्या बाजूस उभे राहावे, मुखवट्याच्या उजळलेल्या भागावर बोट टेकवून उजेड थोडा उतरवावा. बाकीचा अंधार अंधारच राहू द्यावा. रात्रीसाठी फोनात जी खास सोय असते, ती काही सेकंद उजेड गोळा करते. ती झोपलेल्या गावासाठी चांगली, नाचणाऱ्या सोंगासाठी नव्हे. सोंग वळताना क्षणभर थांबते. त्या क्षणी कळ दाबावी. तो क्षण यंत्राला कळत नाही. ज्याने बोहाडा दहा वेळा पाहिला आहे, त्याला कळतो.

उजेडाबरोबर रंगाचाही एक धडा आहे. परदेशातील रंगीत फिल्मचे रंग जमविण्यासाठी कोडॅक कंपनी १९५० नंतरच्या काळात प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे चित्र मानक म्हणून पाठवीत असे. तिची कातडी ठीक आली, म्हणजे रंग ठीक आले. सावळ्या माणसांचे चेहरे काळवंडून जात, त्याची फिकीर फारशी झाली नाही. चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी आपला माल नीट दिसत नाही अशी तक्रार केली, तेव्हा तपकिरी छटांकडे लक्ष गेले. आजच्या फोनांत तो दोष कमी झाला आहे, पण त्याचा एक भाऊबंद उरला आहे. ‘ब्यूटी’ नावाची एक सोय असते. ती चेहरा उजळ करते आणि सुरकुत्या पुसते. ती बंद करून टाकावी. साठ पावसाळे झेलून कमावलेल्या सुरकुत्या यंत्राने न विचारता पुसाव्यात, हे आम्हांला मंजूर नाही.

चौकट

कॅमेरा जग दाखवत नाही, जगाचा एक तुकडा दाखवतो. काय आत घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे, हे ठरविणे म्हणजे चौकट. यात कला आहे, आणि यातच अन्यायही होऊ शकतो, हे मोळीच्या चित्राने आम्हांला शिकविले.

चौकट शिकण्यासाठी इंग्रजी पुस्तक लागतेच असे नाही. वारली घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहितात. तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो काढतात आणि मधोमध पालघट देवी असते. चौकाची कड अतिशय निगुतीने भरतात, कारण कडेनेच आतले आत राहते. पद्मश्री मिळविणारे जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रकला भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली. त्या चित्रांत एखादा नायक मोठा आणि बाकीचे बारीक असे नसते. नांगरणारा, पाणी भरणारी, झाडावरचे माकड, मुंग्यांची रांग, सगळे आपापल्या जागी काम करीत असतात आणि नजर सगळीकडे फिरते. फोन हाती घेतला की हे आठवावे. आधी चौकटीच्या चारी कडा पाहाव्यात. कोणाचे पाय कापले जात आहेत? कोणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला आहे? मागे काय आहे? मग एक पाऊल डावीकडे, नाहीतर खाली बसून. आवणी करणारी माणसे उभ्याने टिपली तर फक्त पाठी दिसतात. बांधावर उकिडवे बसले की चेहरे, चिखलातील हात आणि रोपांच्या मुठी दिसतात. एवढाच फरक, पण चित्राचा अर्थ त्याने बदलतो.

आता दुसऱ्या एका गुरूची गोष्ट. बांधकामावर जाणारा आमचा एक तरुण सभासद आहे. आम्ही त्याला सांगत असू, कामावर हेल्मेट नाही, पट्टा नाही, याची चित्रे काढून आण. त्याने ती आणली. पण फोन चाळताना मध्येच एक निराळे चित्र आले. प्लास्टर न झालेल्या भिंतीवर परांचीची सावली पडली होती आणि त्या सावलीच्या शिडीवर एक चिमणी बसली होती. आम्ही विचारले, हे कशासाठी? तो जरा लाजला आणि म्हणाला, “कशासाठी नाही. बरं दिसलं म्हणून काढलं.” आम्ही त्या वेळी फोन पुढे सरकवला. घरी गेल्यावर मात्र ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. आम्ही आयुष्यभर आठ तास कामाचे भांडण केले. ते भांडण कशासाठी होते? उरलेल्या तासांत माणसाला काही बरे दिसावे, यासाठीच ना? कामगाराने कॅमेरा फक्त पुराव्यासाठी वापरावा असे म्हणणे, म्हणजे त्याने फक्त भाकरीसाठी जगावे असे म्हणणे. सर्जनशील छायाचित्रण हा शब्द मोठा आहे. त्याचा साधा अर्थ त्या पोराने आम्हांला सांगितला. रोजच्या जागेत, रोजच्या वस्तूंत, काल न दिसलेले काही दिसणे आणि ते दुसऱ्याला दाखवावेसे वाटणे.

त्र्यंबकेश्वर हे आमच्या तालुक्याचे ठिकाण. तिथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधी, १९१२ साली त्यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि कोणाचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोवून, रोज थोडी थोडी चित्रे घेत, रोप वाढतानाचे दृश्य तयार केले. दिवसांचे काम मिनिटाभरात पडद्यावर उगवले. फाळक्यांनी राजवाडा टिपला नाही, घरातील कुंडी टिपली. आज हीच किमया ‘टाइमलॅप्स’ या नावाने साध्या फोनात असते. यंत्र प्रत्येकाजवळ आले आहे. कुंडीसमोर दररोज जाऊन बसण्याची चिकाटी मात्र फोनबरोबर मिळत नाही.

माणसांची चित्रे

माणसाचे चित्र काढताना भिंग फार जवळ नेऊ नये. फोनचे भिंग रुंद पाहणारे असते. हातभर अंतरावरून नाक मोठे आणि कान लहान येतात. तीन-चार पावले मागे उभे राहून काढावे आणि नंतर कडा छाटाव्यात. पण त्याआधी विचारावे. विचारले म्हणजे चित्रातला सहजपणा जातो, असे पुष्कळ छायाचित्रकार म्हणतात. आमचा अनुभव निराळा आहे.

आम्ही त्या मोळीवाल्या बाईंकडे पुन्हा गेलो. चूक झाली, पुन्हा काढू का, असे विचारले. त्यांनी हो म्हटले, पण मोळी घेणार नाही असे सांगितले. त्या घरात गेल्या आणि कणगीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या वर्षी नागली चांगली झाली होती. दारातून उजेड येत होता. आम्ही नेहमीप्रमाणे पुढे सरकू लागलो, तशा त्या म्हणाल्या, “मागं व्हा, कणगी पुरी येऊ द्या.” आम्ही मागे झालो. ते चित्र बाजारातील दुकानात कागदावर छापून त्यांना दिले. आमच्या हातून निघालेल्या चित्रांत तेच सर्वांत चांगले आहे, आणि त्याची चौकट आमची नाही, त्यांची आहे.

छापून देणे, हेही विसरू नये. फोनमधील चित्रे हजारांनी साठतात आणि एके दिवशी फोन पाण्यात पडतो. महिन्याला दोन चित्रे तरी कागदावर उतरवावीत.

हजेरी आणि साक्ष

२०२१ साली रोजगार हमीच्या कामांवर फोनने छायाचित्र घेऊन हजेरी लावण्याची पद्धत केंद्र सरकारने आणली, आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सक्तीची केली. दिवसातून दोनदा कामगारांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहावयाचे. हेतू खोटी हजेरी थांबविण्याचा होता. पण डोंगरात जिथे फोन लागत नाही, तिथे चित्र चढले नाही तर घाम गाळूनही हजेरी जाई. उलट, जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले की, भलतीच चित्रे आणि चित्रावरून काढलेली चित्रे चढविली जात आहेत. तात्पर्य, कॅमेरा स्वतः खरे बोलत नाही. तो कोण धरतो आणि त्याला कोण जाब विचारू शकतो, यावर त्याचे खरेखोटे ठरते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आमच्याच जिल्ह्याचे आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, पायी निघाले आणि सुमारे एकशेऐंशी किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत पोचले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको, म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. त्या मोर्चात चालून सोललेल्या, फोड आलेल्या पायांची छायाचित्रे देशभर गेली. मागण्यांचे कागद त्याआधीही सरकारात पडून होते. पण ते पाय पाहिल्यावर मुंबईकर पाणी, बिस्किटे आणि चपला घेऊन रस्त्यावर आले.

साक्षीसाठी चित्र काढावयाचे असेल तर दोन गोष्टी पाळाव्यात. फोन प्रत्येक चित्राबरोबर दिवस आणि वेळ, आणि परवानगी दिली असल्यास ठिकाणही नोंदवून ठेवतो. वॉट्सअॅपवर साध्या रीतीने पाठविले की चित्र लहान होते आणि ती नोंद गळते. म्हणून मूळ चित्र फोनात जपावे आणि पाठविताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. दुसरे, त्या चित्राला हात लावू नये. आजचा फोन नको असलेला माणूस पुसून टाकतो आणि नसलेले ढग आणून ठेवतो. आनंदासाठी खेळावयाचे तर खुशाल खेळावे, पण तसे सांगावे.

आणि नाव लिहून ठेवावे. १९०८ सालापासून अमेरिकेतील गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे लुई हाइन याने काढली. मालक मुलांची वये चोरीत, म्हणून तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मुलांची उंची मापी आणि जमेल तिथे नाव, वय, काम टिपून घेई. त्या चित्रांनी बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला बळ दिले. आमच्या जुन्या आठ खंडांतील चित्रांत आणि हाइनच्या चित्रांत हा फरक आहे. तिथे माणूस जमातीचा नमुना होता, इथे तो नावाचा माणूस आहे.

सभ्य श्रोतेहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात आत्ता कॅमेरा आहे. फुलांची, ढगांची, गोदेच्या पाण्याची चित्रे आपण काढताच. ती जरूर काढावीत. आमची एक विनंती आहे. उद्या सकाळी आपल्या घरी भांडी घासावयास बाई येतील, किंवा शेजारच्या इमारतीवर कोणी विटा वाहत असेल. त्यांतील एखाद्याचे चित्र काढावे. आधी विचारावे. ते कुठे उभे राहू इच्छितात, हातात काय धरू इच्छितात, ते त्यांनाच ठरवू द्यावे. उजेड पाहावा, कडा पाहाव्यात, चेहऱ्यावर बोट टेकवावे. मग ते कागदावर छापून आणावे, मागे तारीख आणि नाव लिहावे. नाव विचारावे लागले, तर तेही बरेच झाले. कदाचित तो माणूस हरसूलकडचा निघेल. त्याने ‘मागं व्हा’ म्हटले, तर मागे व्हावे.